डॅनिश क्रियापदांचा अर्थ लावताना इंग्रजीला मध्ये का घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्मार्कमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी माणसाने इंग्रजी-डॅनिश कोश घेऊन नेहमीची शंभरेक क्रियापदं पाठ केली, तरी बोलताना नेमकं चुकीचं क्रियापद तोंडात येतं. इंग्रजीतल्या ‘नो’साठी (म्हणजे जाणणे) डॅनिशमध्ये तीन शब्द, ‘थिंक’साठी चार, ‘पुट’साठी तीन. उलट ‘ब्लीवं’ या एका डॅनिश शब्दासमोर इंग्रजीत ‘बिकम’ही आहे आणि ‘स्टे’ही. कुठे काय वापरायचं हे कसं लक्षात ठेवावं?

उत्तर सरळ आहे: डॅनिश शब्द, मग त्याचा इंग्रजी अर्थ, मग त्याचा मराठी अर्थ हा तीन टप्प्यांचा प्रवास बंद करा. डॅनिश वाक्यासमोर थेट मराठी वाक्य लिहा. इंग्रजी आणि डॅनिश या सख्ख्या चुलत बहिणी असल्या तरी रोजच्या वापरातल्या कितीतरी क्रियापदांत डॅनिश जिथे अर्थाची फाळणी करते तिथेच मराठीही करते, आणि इंग्रजी मात्र सगळं एका शब्दात कोंबते. इंग्रजीतली सगळ्यात छोटी क्रियापदंच सगळ्यात जास्त अर्थ वाहतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती. असा शब्द दुभाषी म्हणून मध्ये उभा केला, की गोंधळ होणारच.

उच्चाराबद्दल आधी एक सूचना. इथे डॅनिश शब्द कानाला येतात त्याच्या जवळपास लिहिले आहेत. शेवटचा ‘अं’ म्हणजे आपल्या ‘केलं’, ‘गेलं’मधला मोकळा ‘अ’, नाकातला अनुस्वार नव्हे. स्वरानंतरचा ‘द’ बहुतेक ठिकाणी मऊ, द आणि ल यांच्या मधला आहे. शब्दाच्या शेवटचा ‘र’ जवळजवळ गिळला जातो. खरा उच्चार ऐकूनच घ्यायचा. ही केवळ ओळखीची खूण.

‘नो’पासून सुरू करू. ‘याइ वे दे’ म्हणजे मला ते माहीत आहे. ‘याइ केना हाम’ म्हणजे मी त्याला ओळखतो. ‘याइ कॅन डॅन्स्क’ म्हणजे मला डॅनिश येतं. वीदं, केनं आणि कुनं ही तीन क्रियापदं म्हणजे आपले माहीत असणे, ओळखणे आणि येणे. इंग्रजीतून आलेला माणूस ‘डॅनिश जाणतो’साठी वीदं वापरतो आणि ऐकणारा थबकतो. मराठीतून थेट आलेल्याला ‘मला डॅनिश माहीत आहे’ असं म्हणावंसंच वाटत नाही, तो ‘येतं’च म्हणतो. एक जागा मात्र सांभाळा: आपण गावाबद्दलही ‘मला कोपनहेगन माहीत आहे’ म्हणतो, तिथे डॅनिशमध्ये केनं लागतं. म्हणून वाक्यरचनेची कसोटी जवळ ठेवावी. पुढे ‘की…’, ‘कुठे…’, ‘का…’ असं उपवाक्य किंवा ‘ते’, ‘काहीतरी’ असं सर्वनाम आलं तर वीदं. पुढे माणूस, गाव, पुस्तक, रस्ता असं नाम आलं तर केनं. पुढे भाषा, पाढे, कविता अशी शिकून अंगी आलेली गोष्ट असेल तर कुनं.

‘लिव्ह’चंही तसंच. ‘बो’ म्हणजे राहणे आणि ‘लेवं’ म्हणजे जगणे. ‘वॉर बोर दू?’ म्हणजे तू कुठे राहतोस. इथे लेवं घातलं तर तू कुठे जगतोस, असा विचित्र प्रश्न होतो. ‘लेवं ए’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर जगणे, म्हणजेच उपजीविका. पुन्हा मराठीचाच साचा.

‘मिस’ तर तीन ठिकाणी फुटतो. माणसाची आठवण येते तिथे साउनं: ‘याइ साउना दाय’, मला तुझी आठवण येते. एखादी वस्तू कमी पडते तिथे मांगलं: पानं मांडताना एक ताट कमी असेल तर ‘देर मांगला एन टालेर्कन’. आणि गाडी चुकते तिथे ‘नॉ’ या क्रियापदाचा नकार. हे ‘नॉ’ नीट शिकून घ्या, कारण इंग्रजीत त्याला एकशब्दी जोड नाही आणि मराठीत आहे: गाठणे. ‘याइ नॉदं टॉवद’ म्हणजे मी गाडी गाठली. वस्तूऐवजी काम असेल तर तेच क्रियापद ‘वेळेत होणे’ या अर्थाने येतं: ‘याइ नॉर दे इगं’ म्हणजे माझं ते वेळेत होणार नाही. कचेरीत हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. त्याचं भाषांतर ‘मी पोहोचत नाही’ असं केलं तर काहीच कळत नाही.

आता जिथे मराठी माणसाला खरंच घरी आल्यासारखं वाटतं ती जागा. डॅनिशमध्ये ‘ल्योगस’ असं क्रियापद आहे. ते माणसाला कर्ता करत नाही, कामाला करतं: ‘दे ल्योगदस माय’. इंग्रजीत याचं ‘मी यशस्वी झालो’ असं काहीतरी जड भाषांतर होतं. मराठीत दोनच शब्द: मला जमलं. रचनाही तीच, अर्थही तोच.

दुसरं ‘गीदं’. हे बहुधा नकारात किंवा प्रश्नात येतं. ‘याइ गीदा इगं’ म्हणजे जिवावर आलंय, कंटाळा आलाय, नको वाटतंय. यात ‘जमत नाही’ असा अर्थ नाही. जमतं, पण उत्साह नाही. अंगात त्राणच उरलं नसेल तर ‘ऑर्कं’ हे वेगळं क्रियापद आहे: ‘याइ ऑर्का इगं’. मित्रासमोर ‘गीदा इगं’ चालतं, साहेबाने काम सांगितल्यावर म्हटलं तर उर्मट वाटतं, तितकंच जितकं मराठीत ‘माझ्या जिवावर आलंय’ वाटेल. प्रश्नात मात्र हेच क्रियापद आर्जवी होतं: ‘गीदा दू लुगं विन्दूवद?’ म्हणजे जरा खिडकी लावतोस का.

‘स्कॅल’ हे साहाय्यक क्रियापद इंग्रजीतल्या ‘शॅल’चं भावंड. त्यामुळे त्याचा अर्थ ‘शॅल’सारखा धरला जातो आणि फसगत होते. ‘याइ स्कॅल येम’ म्हणजे मला घरी जायचंय. जायचं ठरलंय की जावंच लागणार आहे, हे डॅनिश वाक्य सांगत नाही आणि मराठी ‘जायचंय’ही सांगत नाही, दोन्ही भाषा ते संदर्भावर सोडतात. इंग्रजीला मात्र ‘गोइंग टु’ आणि ‘हॅव टु’ यांतून एक निवडावं लागतं. शिवाय इथे ‘जाणे’ हे क्रियापद डॅनिशमध्ये चक्क गळलेलं आहे: दिशा सांगितली की गतीचं क्रियापद लागत नाही. याच ‘स्कॅल’चा आणखी एक उपयोग आहे, ऐकीव माहितीचा. ‘फिल्मन स्कॅल वेरं गॉद’ याचा अर्थ ‘चित्रपट चांगला असलाच पाहिजे’ असा नाही. चित्रपट चांगला आहे म्हणे. हे ‘म्हणे’ मराठीत इतकं सहज आहे की ते एकदा जोडलं की विसरत नाही.

‘विल’च्या बाबतीत उलट खबरदारी घ्यावी. इंग्रजी ‘विल’ आज मुख्यतः भविष्यकाळ दाखवतो. डॅनिश ‘विल’मध्ये इच्छा अजून जिवंत आहे. ‘याइ विल इगं’ म्हणजे मी करणार नाही, पण त्याहून जास्त: मला करायचंच नाही, माझी तयारी नाही. उद्याचा साधा कार्यक्रम सांगायचा असेल तर ‘स्कॅल’ किंवा नुसता वर्तमानकाळ वापरा. ‘उद्या मी कामावर येणार नाही’ हे ‘विल इगं’ने सांगितलं तर तो रुसवा वाटतो.

सगळ्यात धोकादायक साहाय्यक क्रियापद म्हणजे ‘मॉ’. ते परवानगीही देतं आणि सक्तीही सांगतं, आणि दोन्ही अर्थ रोज लागतात. ‘दू मॉ गॅर्नं’ म्हणजे तू करू शकतोस, माझी ना नाही. ‘गॅर्नं’ शेजारी आलं की परवानगी पक्की. ‘दू मॉ इगं’ म्हणजे करायचं नाही, मनाई आहे. ‘हॅन मॉ वेरं येमं’ म्हणजे तो घरी असणार, असा तर्क. आणि नुसतं ‘याइ मॉ गॉ नू’ म्हणजे आता मला निघायलाच हवं. घोळ होतो तो नकारात. ‘करायची गरज नाही’ असं सांगायचं असताना ‘मॉ इगं’ म्हटलं तर समोरच्याला तुम्ही बंदी घातली. ‘स्कॅल इगं’ इथे चालून जाईलसं वाटतं, पण तेही बऱ्याचदा ‘करू नकोस’ असं ऐकू येतं. गरज नाही हे सांगायला स्वतंत्र क्रियापद आहे: ‘बेहोवं’. ‘दू बेहोवा इगं’, तुला करायची गरज नाही. घरी पाहुणा आला आणि बूट काढू लागला, तर ‘गरज नाही’ आणि ‘मनाई आहे’ यांत केवढा फरक पडेल ते बघा.

‘थिंक’च्या चार भावंडांत मराठी अर्धीच मदत करते. टेंकं म्हणजे विचार करणे आणि मेनं म्हणजे मत असणे, इथवर ठीक. पण ट्रो आणि स्यूनस या दोन्हींना आपण ‘वाटणे’ म्हणतो. ‘मला वाटतं पाऊस पडेल’ आणि ‘मला वाटतं हे रंग छान आहेत’, दोन्हीकडे वाटतंच. डॅनिशमध्ये पहिल्याला ट्रो, दुसऱ्याला स्यूनस. कसोटी अशी: उद्या कुणी जाऊन खरं-खोटं करू शकेल का? करू शकत असेल तर तो अंदाज आहे, म्हणून ट्रो. खरं-खोटं ठरवण्याचा प्रश्नच नसेल, तुम्ही स्वतः पाहून-चाखून दिलेला अभिप्राय असेल, तर स्यूनस. म्हणूनच ‘याइ स्यूनस फिल्मन एर गॉद’ असं म्हणणाऱ्याने तो चित्रपट पाहिलेला आहे, हे ऐकणारा गृहीत धरतो. न पाहता बोलायचं असेल तर ट्रोर. मेनं आणखी एका जागी लागतं: ‘वॅ मेना दू?’ म्हणजे तुला काय म्हणायचंय. शब्दाचा अर्थ विचारायचा असेल तर तिथे मेनं नाही, ‘बेट्यूदं’: ‘वॅ बेट्यूदा दे?’ इंग्रजीत दोन्हीकडे ‘मीन’ असल्यामुळे हीसुद्धा हमखास चूक.

आता वस्तू कुठे आहे आणि कुठे ठेवली, या विषयाकडे येऊ. इंग्रजीत ‘इज’ आणि ‘पुट’वर भागतं. मराठीत आहे आणि ठेवली. डॅनिशमध्ये वस्तू पडलेली असते (लिगं), उभी असते (स्तॉ), बसलेली असते (सिदं) किंवा टांगलेली असते (हेंगं). ठेवण्यासाठी त्यांचे प्रयोजक जोडीदार आहेत: लेगं, स्तिलं, सेतं, आणि हेंगं. मराठीत यासाठी वेगळी क्रियापदं नसली तरी कल्पना परकी नाही. बाटली उभी ठेव, आडवी ठेवू नकोस, असं आपण म्हणतोच. उभं-आडवं आपण विशेषणात ठेवतो, डॅनिश माणूस क्रियापदात ठेवतो.

नियम उंचीचा नाही, हे आधी मनात ठसवा. टेबलावरची बाटली उभी असते यात नवल नाही, पण ताटलीसुद्धा ‘स्तॉर’, ती कितीही चपटी असली तरी. कारण ती आपल्या बुडावर, वापरायला सिद्ध अशी मांडलेली आहे. शेजारची सुरी आणि काटा मात्र ‘लिगा’, कारण त्यांना बूड नाही. पुस्तक टेबलावर ‘लिगा’, फडताळात पाठीचा कणा दाखवत ‘स्तॉर’. गाव, बेट, इमारत ‘लिगा’: कोपनहेगन शेलँड बेटावर ‘पडलेलं’ आहे. रस्त्याकडेला थांबलेल्या मोटारीला बरेचदा ‘होला’ हे निराळंच क्रियापद लागतं. छापील मजकूर ‘स्तॉर’: ‘दे स्तॉर इ आवीसन’, म्हणजे वर्तमानपत्रात आलंय. हा शेवटचा प्रयोग फार लागतो, कारण करारात, पत्रात, पाटीवर काय लिहिलंय हे सांगायला डॅनिश माणूस ‘लिहिलेलं आहे’ क्वचितच म्हणतो, ‘उभं आहे’ म्हणतो.

‘सिदं’ला मात्र मराठी पुन्हा धावून येते. जी वस्तू कशात तरी घट्ट अडकलेली, जडवलेली, बसवलेली आहे ती ‘सिदा’. कुलपात किल्ली, भिंतीत खिळा, नाकावर चष्मा, शर्टावर बटण. आपणही स्क्रू बसवतो, दार चौकटीत बसतं, आणि शिवलेला कपडा अंगावर नीट बसला की शिंप्याला तसं सांगतो. डॅनिशमध्येही नीट बेतलेला कोट छान ‘सिदा’. इंग्रजी ‘फिट’ आठवत बसण्यापेक्षा आपलं ‘बसणे’ जवळचं आहे.

‘किल्ल्या कुठे आहेत?’ असं विचारताना साधं ‘एर’ (म्हणजे आहे) अगदी योग्य आहे, कारण त्या कोणत्या अवस्थेत आहेत हे तुम्हाला माहीतच नाही. उत्तर मात्र ‘लिगा’ने येईल. लिगं आणि लेगं यांच्यात आवाजाचा फरक केसाएवढा आहे आणि खुद्द डॅनिश माणसंही बोलताना त्यांची अदलाबदल करतात. लिहिताना चुकू नये म्हणून भूतकाळ पाठ ठेवा: लिगंचा ‘लॉ’, लेगंचा ‘लॅ’, लेखनात त्यातला ‘ग’ आणि ‘द’ दिसतो. इंग्रजीत ‘लाय’ आणि ‘ले’चा घोळही नेमका हाच आहे, दोन्ही भाषांना तो एकाच घरातून मिळालाय.

याच शरीरस्थितीच्या क्रियापदांतून डॅनिश चालू काळ घडवते. डॅनिशमध्ये इंग्रजीसारखं ‘आय एम रीडिंग’ नाही. ‘याइ लेसा’मध्ये वाचतो आणि वाचतोय दोन्ही आलं. चालू क्रियेवर भर द्यायचा झाला तर ‘हुन सिदा ऑ लेसा’, शब्दशः ती बसते आणि वाचते. याचा खरा अर्थ आपल्या तोंडी आधीपासून आहे: ती वाचत बसलीय. ‘हॅन स्तॉर ऑ वेन्ता’, तो वाट बघत उभा आहे. ‘हॅन लिगा ऑ सोवा’, तो झोपलाय. भर बसण्या-उभं राहण्यावर नाही, काम चालू असण्यावर आहे. उभ्याने वाचणाऱ्याबद्दल मात्र ‘सिदा’ म्हणू नये, इतकं ते क्रियापद अजून खरं बोलतं.

‘गॉ’ दिसायला इंग्रजी ‘गो’ आहे आणि तिथेच फसवतं. माणसाच्या बाबतीत त्याचा मूळ अर्थ पायी चालणे. ‘याइ गॉर टिल ओर्हुस’ म्हटलं तर ऐकणारा तुम्हाला पायी ओर्हुस शहराला निघालेला समजेल. गावाला जाणे, प्रवासाला निघणे यासाठी ‘टा’ वापरा: ‘याइ टार टिल इन्डियन’, मी भारतात जातोय. वाहन सांगायचं असेल तर ‘क्योरं’ किंवा उडण्याचं ‘फ्ल्यूवं’. शाळेत जाणे, म्हणजे विद्यार्थी असणे, इथे मात्र ‘गॉ इ स्कोलं’ बरोबर. पूर्ण वर्तमानकाळात याच क्रियापदाचे दोन सहायक असतात आणि अर्थ बदलतो: ‘हॅन एर गॉद’, तो निघून गेलाय, ‘हॅन हार गॉद हेलं देन’, तो दिवसभर चालला. जागा किंवा अवस्था बदलली की ‘एर’, नुसती क्रिया मोजायची असेल तर ‘हार’.

‘ब्लीवं’ हा मूळ प्रश्नातला शब्द. पुढे काय येतं ते बघा. स्थळ आलं, ‘येमं’, ‘हेर’, तर राहणे: ‘याइ ब्लीवा येमं’, मी घरीच राहतोय. नाम किंवा विशेषण आलं तर होणे: डॉक्टर होणे, आजारी होणे. भूतकालवाचक धातुसाधित आलं तर कर्मणी: ‘हूसद ब्लेव ब्यूगद’, घर बांधलं गेलं. तीन शेपट्या, तीन अर्थ, आणि वाक्यात दोन अर्थ लागतील अशी जागा क्वचितच येते.

‘फॉ’ म्हणजे मिळणे, पण त्यातही मराठीचे सांधे दिसतात. मूल होणे इथे ‘फॉ’. कळणे इथे ‘फॉ ऑ वीदं’: ‘याइ फिक दे ऑ वीदं’, मला ते कळलं. सायकल दुरुस्त करून घेणे यातलं ‘करून घेणे’ म्हणजेही ‘फॉ’. डॅनिश मुलांना शिकवतात ते वाक्य यावरच रचलेलं आहे: ‘फॉर फॉर फॉर? नाय, फॉर फॉर इगं फॉर, फॉर फॉर लाम.’ मेंढ्यांना मेंढ्या होतात का? नाही, मेंढ्यांना मेंढ्या होत नाहीत, मेंढ्यांना कोकरं होतात. मेंढी आणि ‘फॉ’चा वर्तमानकाळ यांचं लेखन एकच. (आणि हो, डॅनिश नकार आपल्या ‘नाय’सारखाच ऐकू येतो.)

देण्याघेण्याच्या क्रियापदांत इंग्रजी आणि डॅनिश एकमेकींच्या उलट वागतात. इंग्रजीत उसनं घेणे ‘बॉरो’ आणि देणे ‘लेंड’, शब्द वेगळे. डॅनिशमध्ये दोन्हीला ‘लॉनं’. भाड्याच्या बाबतीत इंग्रजी ‘रेंट’ दोन्हीकडे चालतो, डॅनिशमध्ये भाड्याने घेणे ‘लायं’ आणि देणे ‘उदलायं’. घराची जाहिरात किंवा करार वाचताना हा ‘उद’ आहे की नाही यावर मालक कोण आणि भाडेकरू कोण हे ठरतं. ‘लेरं’ही असंच दुहेरी: शिकणेही आणि शिकवणेही. पुढे माणूस कर्म म्हणून आला की शिकवणे. खेळण्याच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एका बाजूला आहेत: पोरांचं भातुकली-पकडापकडी खेळणं ‘लायं’, पण फुटबॉल, पत्ते यांना ‘स्पिलं’. हे खेळण्याचं ‘लायं’ आणि भाड्याचं ‘लायं’ लिहायला वेगळे, ऐकायला एक.

इंग्रजी शब्द डॅनिश शब्दांसारखे का दिसतात आणि तरी अर्थाने का सरकतात, याला इतिहास आहे. 865 मध्ये डॅनिश वायकिंगांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं आणि पुढे इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात डॅनिश लोक पिढ्यानपिढ्या राहिले. दोन भाषा शेजारी नांदल्या आणि इंग्रजीने रोजची क्रियापदं उचलली. ‘टेक’ हा तिथला. त्याच्या आधी इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमान’ होतं, जर्मन ‘नेमेन’चं भावंड. ‘कॉल’, ‘कास्ट’, ‘थ्राइव्ह’ही तिकडचे, आजही डॅनिशमध्ये ‘कॅलं’, ‘कॅस्तं’, ‘ट्रीवस’ आहेत. ‘डाय’ उत्तरेकडून आला तेव्हा मरण्याचा जुना इंग्रजी शब्द ‘स्टेऑर्फान’ मागे सरला आणि आक्रसत जाऊन उपाशी मरणाऱ्या ‘स्टार्व्ह’पुरता उरला. ‘वाँट’चा मूळ अर्थ हवं असणे नव्हे, उणं असणे होता. उणीव भासते ते हवंसं वाटतं, असा तो सरकला. म्हणून समान दिसणारा शब्द म्हणजे समान अर्थ, असं कधीही धरू नका. तो फक्त एके काळचा शेजार दाखवतो.

सरकलेल्या शब्दांपैकी कामाच्या ठिकाणी नडणारे हे. ‘ऑवाटा’ म्हणजे सूत्रं हाती घेणे. रस्त्यावर गाडी मागे टाकणे ‘ऑवाहेलं’. ‘ऑवासे’ म्हणजे नजरेतून निसटणे, इंग्रजीसारखं देखरेख करणे नव्हे. प्रकल्पाच्या पत्रात हा उलटा गेला तर अर्थाचा पार विचका होतो. ‘ग्रीनं’ म्हणजे दात दाखवणे नाही, चांगलं खळखळून हसणे. ‘स्टोलं पॉ’ दिसायला चोरी वाटते, पण तो आहे विश्वास टाकणे. ‘स्वारं’ शपथ नाही, उत्तर देणे.

औषधाच्या खोक्यावर ‘ऑपबेवारस’ हा शब्द छापलेला असतो. शेवटच्या ‘स’कडे लक्ष द्या. हा डॅनिशचा दुसरा कर्मणी प्रयोग: नियम, सूचना, पाककृती, पाट्या यांत येतो. ‘मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे’ यातलं ‘ठेवावे’ म्हणजे तो ‘स’. आपल्याकडेही बोलताना ‘ठेव’ आणि खोक्यावर ‘ठेवावे’ असतं, सूर अगदी तोच. घडलेली एखादी घटना सांगायची तर ‘ब्लीवं’, कायमची सूचना द्यायची तर ‘स’. पण प्रत्येक ‘स’ कर्मणी नसतो. ‘वी सेस’ म्हणजे आपण भेटू, इथे तो एकमेकांचा. ‘स्लॉस’ म्हणजे मारामारी करणे. ‘फिनस’ म्हणजे अस्तित्वात असणे. आणि स्यूनस, ल्योगस, ट्रीवस यांच्यात तो जन्मतःच चिकटलेला आहे, सुटत नाही.

शब्दयोगी तुकडा क्रियापदाच्या मागे सुटा आहे की पुढे जोडलेला, यावरही अर्थ फिरतो. ‘गॉ उद’ म्हणजे बाहेर जाणे. ‘उदगॉ’ म्हणजे यादीतून निघणे, बंद होणे; दुकानातल्या फळीवर ‘उदगॉर’ लिहिलेलं दिसलं की तो माल पुन्हा येणार नाही. ‘सेतं फॅस्त’ म्हणजे घट्ट बसवणे, ‘फॅस्तसेतं’ म्हणजे दर किंवा तारीख निश्चित करणे. सुटं रूप बहुधा हाताने होणाऱ्या कामाचं, जोडरूप बहुधा कागदावरच्या कामाचं. अपवाद आहेत: सही करणे दोन्ही रूपांनी तेच, ‘स्क्रीवं ऑना’ किंवा ‘ऑनास्क्रीवं’. सुट्या रूपात जोर तुकड्यावर पडतो, क्रियापद हलकं म्हणायचं. जोर चुकला की बरोबर शब्दही कळत नाही, आणि मग समोरचा इंग्रजीवर उतरतो.

कोश कोणता? डॅनिश-डॅनिश ‘देन डॅन्स्कं ओर्बो’ आंतरजालावर फुकट आहे, उच्चारही ऐकता येतो. त्यात क्रियापदाच्या प्रत्येक अर्थासोबत ‘नोअन’ आणि ‘नोअद’, म्हणजे कुणीतरी आणि काहीतरी, हे मोठ्या अक्षरांत घालून वाक्याचा सांगाडा दिलेला असतो. अर्थ वाचण्याआधी तो सांगाडा वाचा. लॉनंमध्ये ‘कुणाकडून’ आहे की ‘कुणाला’, हे तिथेच दिसतं आणि घेणं-देणं सुटतं. 1948 च्या आधीचं पुस्तक वाचत असाल तर कुनं, स्कुलं (‘स्कॅल’चं मूळ रूप) आणि विलं (‘विल’चं) यांच्या भूतकाळाच्या जुन्या लेखनात ‘न’ किंवा ‘ल’नंतर ‘द’ सापडेल. त्या वर्षीच्या लेखनसुधारणेत तो गेला.

वही अशी ठेवा. दर क्रियापदाला एक अख्खं पान नको, एक ओळ पुरे: मूळ रूप, वर्तमान, भूत, पूर्णकाळाचं रूप आणि त्याचा सहायक ‘एर’ की ‘हार’. त्याखाली प्रत्येक अर्थाला एक डॅनिश वाक्य आणि समोर मराठी वाक्य, बोलीतलं, तुम्ही घरी बोलता तसं. शब्दासमोर शब्द लिहू नका. दिवसाला दोन क्रियापदं, त्याहून जास्त नाही, आणि पहिली पन्नास होईपर्यंत नवीन अर्थ सापडला तर नवी ओळ न करता जुन्याच क्रियापदाखाली भर घाला. उदाहरणार्थ लॉनंच्या ओळीखाली दोनच वाक्यं: ‘मॉ याइ लॉनं दीन प्येन?’, तुझं पेन घेऊ का जरा? आणि ‘याइ लॉना दाय मीन स्यूगल’, माझी सायकल देतो तुला, वापर आणि परत आणून दे. जिथे मराठीत दोन क्रियापदं आणि डॅनिशमध्ये एक, किंवा उलट, तिथे समासात लाल खूण करा. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त लाल खुणा वाचायच्या.